निविदेत नसलेली ओळ

ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत करायला सुरुवात केली. संप, मोर्चे, निवेदनं यांत नवं काही नव्हतं. कामाचं साधनच कार्यालयाच्या टेबलावर आणून ठेवणं नवं होतं. तक्रारी साध्या होत्या. २०१९च्या सुमारास वाटलेल्या या फोनांची रॅम दोन जीबी. फोन तापतो, हँग होतो, दुरुस्तीला पदरचे पैसे जातात. त्यात मार्च २०२१मध्ये केंद्राने पोषण ट्रॅकर हे नवं अ‍ॅप आणलं आणि ते या फोनांवर धड चालेना. वर नोंदी इंग्रजीत करायच्या. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतली अंगणवाडीही याच खरेदीची आणि याच अ‍ॅपची. जिंतूरच्या डोंगराळ भागातल्या वाडीवर असो वा गोदाकाठच्या गंगाखेडला, बालकाचं वजन, उंची, गृहभेट आणि आहार या सगळ्या नोंदी त्या एका फोनातून जायच्या.

त्या वेळी चर्चा झाली ती फोनच्या दर्जाची, आणि तोडगा निघाला तो नवा फोन द्या हा. तोडगा चुकीचा होता असं नाही. पण फोन ‘जुना झाला’ तेव्हा नेमकं काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. बॅटरी दोन वर्षांत थकते, हे खरं. मात्र काच, कॅमेरा, अँटेना, प्रोसेसर यांनी २०१९मध्ये जे काम केलं तेच ते २०२१मध्येही करू शकत होते. बदललं होतं ते सॉफ्टवेअर: अ‍ॅप वजनदार झालं आणि खालची कार्यप्रणाली होती तिथेच राहिली. ती कार्यप्रणाली बदलायचा अधिकार आणि सोय फोन विकत घेणाऱ्याकडे असली पाहिजे आणि ती खरेदीच्या करारातच लिहून घेतली पाहिजे, असं या लेखाचं म्हणणं आहे. मुक्त कार्यप्रणाली चढवणं हा आपल्याकडे हौशी मुलांचा उद्योग समजला जातो. ज्या राज्यात एका विभागासाठी एकाच वेळी लाखाहून अधिक फोन खरेदी होतात, तिथे तो सार्वजनिक खर्चाचा प्रश्न आहे.

हातात मावणाऱ्या संगणकावर मालकाने आपल्या पसंतीची प्रणाली चढवण्याची कल्पना स्मार्टफोनपेक्षा जुनी आहे. २०००मध्ये कॉम्पॅकचा आयपॅक बाजारात आला: २०६ मेगाहर्ट्‌झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश आणि आत मायक्रोसॉफ्टची प्रणाली. कॉम्पॅकच्याच केंब्रिज इथल्या संशोधन प्रयोगशाळेने त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली चालवून दाखवली आणि पुढे स्वयंसेवकांनी त्यासाठी ‘फॅमिलिअर’ नावाची संपूर्ण प्रणाली बांधली. यंत्र सुरू होताच सर्वांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर. आधी तो बदलायचा, मग सिरियल केबलने नवी प्रणाली आत ढकलायची. बूटलोडर लिहिला जात असताना वीज गेली तर यंत्र निकामी. तरीही लोकांनी ते केलं, कारण कंपनीने दार बंद केलेलं नव्हतं. उलट तिच्याच माणसांनी ते उघडून दिलं होतं.

आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय यांनी एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीच्या मंडळींसोबत आयपॅकच्याच कुळातला प्रोसेसर घेऊन सिंप्युटर घडवला. २००१मध्ये तो जगापुढे आला. आत लिनक्स, भारतीय भाषांतून बोलण्याची सोय आणि गावातल्या अनेकांनी एकच यंत्र आळीपाळीने वापरावं म्हणून स्मार्टकार्डची खाच. यंत्राचा आराखडासुद्धा खुल्या परवान्याखाली दिलेला. २००४मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने तो ‘अमिडा’ या नावाने विक्रीला आणला, पण विक्री काही हजारांपुढे गेली नाही. दहा हजारांच्या घरातली किंमत आणि झपाट्याने स्वस्त होत गेलेला मोबाईल यांच्यात तो चिरडला गेला. मुक्त प्रणालीमुळे सिंप्युटर बुडाला असं म्हणता येत नाही, पण मुक्त प्रणालीने तो तारला नाही हेही कबूल केलं पाहिजे. खुलेपणाचं महत्त्व सांगणारे लेख हा दुसरा भाग सहसा गाळतात.

आज परभणीच्या बाजारातल्या बहुतेक फोनांत अँड्रॉइड आहे आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. म्हणजे सिंप्युटरच्या मंडळींनी पाहिलेलं स्वप्न एका परीने प्रत्येक खिशात पोचलं, फक्त कुलूप लागून. कुलूप असतं बूटलोडरला. कंपनीची सही असलेलीच प्रणाली तो सुरू होऊ देतो. काही कंपन्या ते उघडायची परवानगी देतात: सेटिंगमध्ये जाऊन ओईएम अनलॉकिंग सुरू करायचं, संगणकाला जोडून फास्टबूटमधून आज्ञा द्यायची, फोनमधला सगळा डेटा पुसला जातो आणि कुलूप उघडतं. मग आधी रिकव्हरी हा प्रणाली बसवणारा छोटा प्रोग्राम, नंतर लिनेजओएससारखी मुक्त प्रणाली चढवायची. काही कंपन्या त्यासाठी खातं काढायला आणि दिवसांचे दिवस थांबायला लावतात, तर काही ती सोय देतच नाहीत. दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ असं सांगणारा कारागीर बहुतेक वेळा कंपनीचीच जुनी प्रणाली पुन्हा चढवतो. त्याने फोनचा गुंता सुटतो, आयुष्य वाढत नाही.

आयुष्य वाढतं याला पुरावा काय? सॅमसंगचा गॅलेक्सी एस-५ घ्या. २०१४चा हा फोन, रॅम दोन जीबी. कंपनीने त्याला अँड्रॉइड ६पर्यंत आणून सोडून दिलं. लिनेजओएसच्या स्वयंसेवकांनी २०२१मध्ये त्याच फोनासाठी अँड्रॉइड ११वर आधारलेली अधिकृत आवृत्ती दिली. हे वर्ष म्हणजे अंगणवाडीतले दोन जीबीचे, वयाने कितीतरी लहान फोन परत होण्याचं वर्ष. ही तुलना पूर्ण न्याय्य नाही. एस-५ त्या काळचा महागडा फोन होता आणि त्याचा प्रोसेसर स्वस्त फोनांपेक्षा बराच दमदार होता. पण दोन जीबी रॅमवर नवी प्रणाली चालूच शकत नाही, हा युक्तिवाद त्याने निकालात निघतो. खुद्द गूगलने २०१७पासून कमी रॅमसाठी अँड्रॉइडची हलकी ‘गो’ आवृत्ती आणली आणि अँड्रॉइड ११पासून दोन जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या नव्या फोनांना तीच वापरायला सांगितलं. दोन जीबीच्या फोनाला सांभाळून घेणारी प्रणाली जगात होती. ती या फोनांपर्यंत आणण्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नव्हती. भाषेच्या तक्रारीचं खापर प्रणालीवर फोडता येत नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. अँड्रॉइडमध्ये मराठी २०१४च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. तो दोष सर्वस्वी अ‍ॅपचा.

सरकारच्या हातात एक हक्क आजही आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. लिनक्सचा गाभा जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. ज्याला त्यातून तयार केलेला प्रोग्राम दिला जातो, त्याला त्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, मागण्याचा हक्क हा परवाना देतो. लाखभर फोन घेणाऱ्या खात्याला लाखभर वेळा हा हक्क मिळालेला असतो. पण फोनच्या खरेदीत रॅम, पडद्याचा आकार, बॅटरीची क्षमता, वॉरंटीची वर्षं यांचे रकाने असतात आणि गाभ्याचा स्रोत व बूटलोडरची किल्ली यांचा रकाना सहसा नसतो. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण २०१५चं आहे, पण त्याची नजर कार्यालयांतल्या संगणकप्रणालींवर आहे, सेविकेच्या हातातल्या फोनावर नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून फोनविक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं प्रणालीची अद्यतनं देणं बंधनकारक केलं. आपले २०२२चे ई-कचरा नियम मुख्यतः फोन मेल्यानंतर त्याचं काय करायचं ते सांगतात.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा: कुलूप उघडता येणारा फोन चोरीला गेला तर गावातल्या बालकांची माहिती उघड्यावर येईल. पण कुलूप उघडताना फोनमधला डेटा पुसला जातो, ती योजना याच भीतीसाठी आहे. शिवाय गूगलच्या पिक्सेलसारख्या फोनांत मालक स्वतःची सही नोंदवून कुलूप पुन्हा लावू शकतो. म्हणजे बंदोबस्त तोच, फक्त सही कंपनीऐवजी खात्याची. हा विचार महाराष्ट्राला परका नाही. २००७मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’ प्रकल्पाची हिरवी-पांढरी एक्सओ यंत्रं आली होती. त्यांत लिनक्स होतं आणि बिटफ्रॉस्ट नावाची सुरक्षा योजनाही होती. तिच्या रचनेतच यंत्राच्या मालकाला, म्हणजे त्या मुलालाही, कुलूप उघडणारी ‘विकसक किल्ली’ विनामूल्य मागण्याची सोय ठेवलेली होती. चोराला अडवणं आणि मालकाला मोकळीक देणं या दोन गोष्टी एकत्र बसतात, हे तिथे आधीच सोडवून झालेलं होतं. उलट वर्षानुवर्षं अद्यतन न मिळालेल्या बंद फोनात ज्ञात भेगा तशाच राहतात. त्या सुरक्षिततेला सुरक्षितता म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरा आक्षेप असा की, प्रणाली बदलली की बँकेची अ‍ॅप फोन नाकारतात. नाकारतात, आणि सेविकेच्या स्वतःच्या फोनासाठी हे मोठं नुकसान आहे. पण इथे फोन सरकारचा आणि अ‍ॅपही सरकारचं. आपल्याच सहीच्या प्रणालीवर आपलंच अ‍ॅप चालू द्यायचं की नाही, हे ठरवायला गूगलची शिफारस लागू नये. तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. फोनातले कॅमेरा, मोडेम यांचे चालक-प्रोग्राम चिपनिर्मात्याकडे बंद असतात, आणि प्रणाली बदलल्यावर पहिल्यांदा रुसतो तो व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीवरून कॉल लावण्याची सोय. ज्या गावात जिओचंच नेटवर्क धरतं, तिथे व्हीओएलटीई नसेल तर साधा फोनही लागत नाही, कारण जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच. २०१७मध्ये अँड्रॉइड ८सोबत आलेल्या ‘ट्रेबल’ रचनेने चालक-प्रोग्राम आणि प्रणाली वेगळे केले, त्यामुळे काम सोपं झालं, पण संपलं नाही. पोस्टमार्केटओएस या मुक्त प्रणालीचे लोक २०१७पासून फोनाला दहा वर्षांचं आयुष्य देण्याच्या ध्येयाने झटताहेत, तरी सगळी अंगं नीट चालणारे फोन त्यांच्या यादीत थोडेच. म्हणूनच ही गोष्ट फोन वाटून झाल्यावर करायची नाही, खरेदीआधी करायची आहे: ज्या मॉडेलवर मुक्त प्रणालीतून कॉल, कॅमेरा आणि जीपीएस चालून दाखवता येतील, तेच मॉडेल पात्र.

चौथा प्रश्न मनुष्यबळाचा. हौशी मंडळींना शेकडो मॉडेलं सांभाळावी लागतात, तिथे त्यांची दमछाक होते. सरकारकडे त्याच्या नेमकं उलटं आहे: एकच मॉडेल, लाखाच्या वर नग. प्रणाली एकदा बांधायची आणि वर्षातून काही वेळा दुरुस्त करायची. त्याला राज्य पातळीवरचा छोटा गट पुरतो. चढवण्याचं काम तालुक्यात होऊ शकतं. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि केबल, आज्ञा, ‘सॉफ्टवेअर मारणं’ यांत हात बसलेले दुकानदार तर प्रत्येक बाजारपेठेत आहेत. नवे फोनच स्वस्त पडतील असं म्हणणाऱ्यांनी फक्त फोनाची किंमत धरू नये. प्रस्ताव, मंजुरी, निविदा आणि वाटप यांत जाणारा काळही हिशेबात धरावा. फोन परत करण्याच्या आंदोलनानंतर दीड वर्षाने, फेब्रुवारी २०२३च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच. तेवढा काळ नोंदी कुणाच्या तरी फोनातून आणि कुणाच्या तरी खर्चाने होतच राहिल्या.

हा प्रश्न सेविकांपुरता राहिलेलाही नाही. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सोयाबीन-कापसाची नोंद शेतकऱ्याने बांधावर उभं राहून स्वतःच्या फोनातून करावी अशी अपेक्षा आली. तो फोन तर सरकारने दिलेलाही नाही. अ‍ॅपची नवी आवृत्ती जुन्या अँड्रॉइडवर चालेनाशी झाली की नवा फोन घ्यायचा खर्च सातबाऱ्याच्या धन्यावर पडतो. इथे करारातली अट कामाची नाही. इथे अ‍ॅप हलकं ठेवणं, जुन्या आवृत्त्यांवर चालवणं आणि त्याचा स्रोत खुला करणं, इतकंच सरकारच्या हातात आहे.

फोन आणि टॅबलेट यांची खरेदी आता फक्त मंत्रालयातून होते असंही नाही. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून शाळा आणि कार्यालयांसाठी उपकरणं घेतली जातात, तिथेही अटी लिहिणारा अधिकारी जिल्ह्यातच बसतो. त्याने चार गोष्टी मागाव्यात: गाभ्याचा पूर्ण स्रोत मालाबरोबरच, बूटलोडर उघडण्याची आणि खात्याच्या सहीने पुन्हा बंद करण्याची सोय, कारखान्यातली मूळ प्रणाली परत चढवण्याची फाईल, आणि आलेल्या मालातून कुठलाही एक फोन उचलून अभियांत्रिकी महाविद्यालयात उघडून, दुसरी प्रणाली चढवून, त्यावरून एक कॉल लागल्याखेरीज पुरवठादाराचं बिल न काढण्याची अट.