जुन्या स्टेशन वॅगनला नवे इंजिन : घरच्या गॅरेजमधील प्रयोगामागचे तंत्र आणि कायदा

सुमारे सत्तर वर्षांपूर्वी बांधलेली मोटारगाडी, तिच्या बॉनेटखाली अलीकडच्या काळातील संगणक-नियंत्रित इंजिन, आणि हे सारे काम कारखान्यात नव्हे, तर घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये. अमेरिकेत हा छंद चांगलाच रुजला आहे. भारतातही जुन्या जीप व ॲम्बॅसिडर गाड्यांना दुसरे इंजिन बसवण्याची पद्धत अनेक दशकांपासून परिचित आहे. मात्र इंजिन बदलणे म्हणजे एक यंत्र काढून त्या जागी दुसरे ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ नाही. गाडीचे ब्रेक, इंधनव्यवस्था, वीजव्यवस्था आणि तिची कायदेशीर ओळख या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. हा परिणाम कसा होतो, हे एका प्रसिद्ध अमेरिकी गाडीच्या उदाहरणावरून समजून घेता येते.

स्टेशन वॅगन म्हणजे काय?

रेल्वे स्थानकावर उतरलेले प्रवासी आणि त्यांचे सामान घरी किंवा हॉटेलात पोहोचवण्यासाठी अमेरिकेत लाकडी सांगाड्याच्या गाड्या वापरल्या जात. त्यांवरूनच ‘स्टेशन वॅगन’ हे नाव रूढ झाले. छत थेट मागच्या टोकापर्यंत गेलेले, मागे उघडणारे दार आणि सामानासाठी प्रशस्त जागा, ही या गाडीची ओळख. ब्रिटनमध्ये आणि भारतात अशा गाडीला ‘इस्टेट’ म्हटले जाते. हिंदुस्तान मोटर्सने ॲम्बॅसिडरची इस्टेट आवृत्ती काढली होती, तर १९९२ मध्ये आलेली टाटा इस्टेट अनेक वाचकांना आठवत असेल.

शेव्हरोले कंपनीच्या १९५५, १९५६ आणि १९५७ या तीन वर्षांच्या गाड्या अमेरिकी हौशी मंडळींच्या विशेष आवडीच्या आहेत. त्यांतील स्टेशन वॅगन, आणि त्यातही ‘नोमॅड’ ही दोन दारांची वॅगन, आजही मोठ्या आस्थेने जपली जाते. गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी, वेगळा आणि त्यावर बसवलेली बॉडी वेगळी, अशी त्यांची बांधणी आहे. घरी काम करणाऱ्याला ही रचना सोयीची पडते.

मूळ इंजिन बदलण्याचे कारण

१९५५ मध्ये या गाड्या दोन इंजिनांसह मिळत. एक सहा सिलिंडरचे आणि दुसरे त्या वर्षी नव्याने आलेले ४.३ लिटरचे आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन. या दुसऱ्या इंजिनाची शक्ती साध्या कार्ब्युरेटरसह १६२ अश्वशक्ती इतकी सांगितली जात असे. त्या काळी ही मोजणी इंजिन गाडीबाहेर ठेवून, पूर्ण एक्झॉस्ट व इतर जोडयंत्रे न लावता केली जाई. त्यामुळे प्रत्यक्ष चाकांपर्यंत पोहोचणारी शक्ती या आकड्याहून बरीच कमी होती.

शक्ती हे मात्र एकमेव कारण नाही. कार्ब्युरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण यांत्रिक पद्धतीने ठरते. थंडीच्या दिवसांत किंवा उंच डोंगराळ भागात हे प्रमाण बिघडते. नव्या इंजिनात संगणक प्रत्येक क्षणी हवेचे मोजमाप करून इंधनाची मात्रा ठरवतो. परिणामी गाडी एका किल्लीत सुरू होते, इंधन वाचते आणि धूर कमी होतो. जुनी गाडी कुटुंबासह लांबच्या प्रवासाला न्यायची असेल, तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

कोणते इंजिन निवडले जाते?

जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेट गाडीत ‘एलएस-१’ हे ५.७ लिटरचे इंजिन आणले. त्याची शक्ती ३४५ अश्वशक्ती होती. १९९९ पासून याच कुटुंबातील ४.८, ५.३ आणि ६ लिटरची इंजिने कंपनीच्या पिकअप ट्रकमध्ये बसवण्यात आली. असे ट्रक लाखोंच्या संख्येने विकले गेले. त्यामुळे अपघातग्रस्त ट्रकमधून काढलेले ५.३ लिटरचे इंजिन भंगार बाजारात सहज मिळू लागले, आणि घरगुती कामासाठी तेच सर्वांत लोकप्रिय ठरले.

या निवडीला तांत्रिक कारणही आहे. अनेक आधुनिक इंजिनांत कॅमशाफ्ट सिलिंडरच्या माथ्यावर असतात. त्यामुळे इंजिन रुंद व उंच होते. एलएस इंजिनात मात्र एकच कॅमशाफ्ट असून तो ब्लॉकच्या मध्यभागी आहे. म्हणून शक्ती अधिक असूनही त्याचा आकार आटोपशीर राहतो आणि जुन्या गाडीच्या बॉनेटखाली ते मावते.

जागा आणि आधार यांचा प्रश्न

मावणे आणि बसणे यांत अंतर आहे. १९५५ ते १९५७ च्या शेव्हरोलेमध्ये इंजिनाला पुढच्या टोकाशी आणि मागे क्लचच्या आवरणाच्या दोन्ही बाजूंना आधार दिलेला असतो. नव्या इंजिनाचे आधार त्याच्या कुशींना असतात. त्यामुळे चासीवर नवे आधार बसवावे लागतात, आणि गिअरबॉक्सखाली एक आडवी पट्टी नव्याने द्यावी लागते. पट्टी न देता सारा भार पुढच्या आधारांवर टाकल्यास हादऱ्यांनी धातूला तडे जाऊ शकतात.

यानंतर तेलाच्या चेंबरचा प्रश्न येतो. ट्रकच्या इंजिनाचे चेंबर खोल असते. ते जुन्या गाडीच्या स्टिअरिंगच्या दांड्यांना किंवा चासीच्या आडव्या भागाला अडते. म्हणून उथळ चेंबर लावावे लागते. तेच एक्झॉस्टच्या नळ्यांचे. स्टिअरिंगच्या गिअरपेटीला त्या घासणार नाहीत, हे पाहावे लागते. नवा गिअरबॉक्स मूळच्याहून मोठा असल्यास गाडीच्या तळाचा पत्रा कापावा लागतो. चाकांकडे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. त्याचा कोन चुकला, तर ठरावीक वेगाला गाडी थरथरू लागते.

इंधन आणि वीज

मूळ गाडीत इंजिनाच्या हालचालीवर चालणारा यांत्रिक पंप असतो. त्याचा दाब एका वातावरणाच्या निम्म्याहूनही कमी असतो. नव्या इंजिनाच्या इंजेक्टरना मात्र सुमारे ४ वातावरणांचा, म्हणजे दहापटीहून अधिक दाब लागतो. त्यासाठी टाकीत विद्युत पंप, दाब सहन करणाऱ्या नळ्या आणि जादा इंधन टाकीकडे परत नेणारी वाट द्यावी लागते. जुन्या रबरी नळ्या तशाच ठेवून नवा पंप लावणे हे या कामातील सर्वांत धोकादायक पाऊल होय. सांध्यातून उडालेला पेट्रोलचा बारीक फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर पडला, तर आग लागण्यास क्षणही पुरतो.

वीजव्यवस्थेचेही तसेच आहे. शेव्हरोलेने १९५५ मध्ये ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टची पद्धत स्वीकारली, ही या कामात मोठी सोय आहे. पण मूळ डायनामो, जुन्या तारा आणि मोजके फ्यूज यांवर इंधनपंप, विद्युत पंखा आणि संगणक यांचा भार टाकता येत नाही. नव्या इंजिनासोबत अल्टरनेटर आणि स्वतंत्र वायरिंग घ्यावेच लागते. संगणकातील चोरीविरोधी व्यवस्था मूळ ट्रकच्या किल्लीची वाट पाहत असते. ती बंद केल्याशिवाय इंजिन चालू राहत नाही. एक्झॉस्टमधील प्राणवायू मोजणारे सेन्सरही योग्य जागी बसवावे लागतात, कारण त्यांच्या नोंदीवरच इंधनाचे प्रमाण ठरते.

वेग वाढला, पण थांबणार कसे?

या गाड्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ब्रेकचे तेल एकाच मार्गाने चारही चाकांना जात असे. याचा अर्थ असा, की एका चाकाशी नळी फुटली, तर चारही ब्रेक एकदम निकामी होतात. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी स्वतंत्र मार्ग देण्याची पद्धत अमेरिकी गाड्यांत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वत्र आली. शिवाय ड्रम ब्रेक वारंवार दाबल्यास तापतात आणि त्यांची पकड सुटते.

शक्ती दुप्पट झालेली, भरलेली वॅगन घाटात उतरवण्याचा विचार केला, म्हणजे या बाबीचे गांभीर्य लक्षात येते. म्हणून जाणकार कामाचा क्रम उलटा ठेवतात. आधी दुहेरी मार्गाचे मास्टर सिलिंडर आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मग स्टिअरिंग व सस्पेंशनची दुरुस्ती, आणि शेवटी इंजिन. सीटबेल्टचाही विचार करावा लागतो, कारण त्या काळी तो सर्व गाड्यांत नसे.

घरी काम करणाऱ्यासमोर आणखी काही धोके असतात. इंजिनाचे वजन दोनशे किलोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. ते छताच्या वाशाला बांधलेल्या दोरीने उचलणे जिवावर बेतू शकते. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नये, भक्कम स्टँड लावावेत. जुन्या ब्रेकच्या अस्तरात आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे तेथील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू साचतो.

अमेरिकेत मुभा, भारतात बंधने

अमेरिकेत याविषयीचे नियम राज्यागणिक बदलतात. प्रदूषणाबाबत कडक समजल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियातही १९७५ आणि त्यापूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना नियमित धूर-तपासणीतून सूट आहे. त्यामुळे १९५५ ची वॅगन नव्या इंजिनासह रस्त्यावर आणणे तेथे शक्य होते.

भारतातील स्थिती वेगळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. बॅटरी, सीएनजी किंवा एलपीजी यांसारख्या इंधनांवर वाहन चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची मुभा त्याच कलमात आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ तपशिलात बदल करण्यास असलेल्या या मनाईवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद करण्यात आली. इंजिन क्रमांक हा नोंदणीचा भाग असल्याने विम्याचा दावा करतानाही विसंगती उघड होऊ शकते.

जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीनंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा ठरावीक कारणांसाठीच ही वाहने रस्त्यावर आणता येतात. मात्र मुख्य अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजेच नवे इंजिन बसवताच गाडी या मान्यतेस मुकते, आणि सामान्य वाहन म्हणूनही तिची नोंदणी अडचणीत येते.

ॲम्बॅसिडरचा धडा

इंजिन बदलणे मुळातच गैर आहे, असा याचा अर्थ नाही. ॲम्बॅसिडर ही ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली गाडी. तिचे १४८९ सीसी पेट्रोल इंजिन दीर्घकाळ वापरात होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस कंपनीने त्याच बॉडीत जपानच्या इसुझूचे १८१७ सीसी इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला. उत्तरपाडा येथील उत्पादन २०१४ मध्ये थांबेपर्यंत ॲम्बॅसिडरची ओळख या बदलाने पुसली गेली नाही.

फरक जबाबदारीचा आहे. निर्मात्याला आपल्या वाहनाचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ब्रेक, धूर आणि सुरक्षितता यांची तेथे पारख होते. घरच्या गॅरेजमध्ये ही पारख करणारा मालक एकटाच असतो, आणि त्याच्या चुकीची किंमत रस्त्यावरील इतरांनाही मोजावी लागू शकते.

मूळ रूपाचे मोल

जुन्या वाहनांच्या जतनासाठी काम करणारा ‘फिवा’ हा आंतरराष्ट्रीय महासंघ किमान तीस वर्षांचे आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेले वाहन हेच ऐतिहासिक वाहन मानतो. या दृष्टीने मूळ इंजिन हा त्या काळच्या तंत्रज्ञानाचा पुरावा आहे. दुसरीकडे, झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा धावणारी गाडी अधिक काळ टिकते, असे इंजिन बदलणाऱ्यांचे म्हणणे असते, आणि त्यातही तथ्य आहे.

या दोन भूमिकांमधील एक मध्यममार्ग अमेरिकेतील अनेक हौशी कारागीर अवलंबतात. चासी न कापता केवळ नट-बोल्टने बसणारे आधार वापरायचे, मूळ छिद्रांचाच उपयोग करायचा, आणि काढलेले जुने इंजिन तेल लावून, झाकून, त्याच्या सर्व सुट्या भागांसह जपून ठेवायचे. असे केल्यास पुढच्या पिढीला गाडी तिच्या पहिल्या रूपात परत आणता येते. भारतातील मालकांनी मात्र पाना हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे आवश्यक आहे. गाडी पन्नास वर्षांची झालेली असेल किंवा होणार असेल, तर मूळ इंजिनाची दुरुस्ती करून तेच चालते ठेवणे हाच सध्याच्या नियमांनुसार तिची ओळख आणि नोंदणी दोन्ही राखणारा मार्ग आहे.