प्रॉडक्ट की : फॉरमॅट मारण्याआधी शोधून ठेवा

संगणक फॉरमॅट करायची वेळ आली की फोटो, कागदपत्रे, हिशेबाच्या फायली आधी पेन ड्राइव्हवर काढून घ्यायच्या, हे आता घराघरांत माहीत झाले आहे. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे लायसन्स मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. विंडोज नव्याने टाकून होते, आणि मग ऑफिस, अँटीव्हायरस, टॅली एकेक करून प्रॉडक्ट की मागू लागतात. ती खोक्यावर छापलेली होती आणि खोके रद्दीत गेलेले असते. मग पैसे भरून घेतलेली वस्तू लोक पुन्हा विकत घेतात, नाहीतर वैतागून चोरीची प्रत टाकून घेतात. दोन्ही टाळता येते. त्यासाठी की नेमकी कुठे राहते हे समजून घ्यायला हवे, कारण प्रत्येक सॉफ्टवेअरची जागा वेगळी असते आणि काहींची की तर संगणकावर नसतेच.

विंडोजपासून सुरुवात करू. विंडोजची की २५ अक्षरांची असते, पाच-पाचच्या पाच गटांत लिहिलेली. तिच्यात सगळी रोमन अक्षरे येत नाहीत. ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर वगळलेले आहेत. एल, एन, एस, झेड ही अक्षरे आणि शून्य, एक, पाच हे आकडेही वगळलेले आहेत. उरतात १७ अक्षरे आणि ७ आकडे, म्हणजे २४ चिन्हे. विंडोज ८पासून त्यात एन दिसू लागला, एवढाच फरक.

ही यादी जवळ असली की लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेला झिजका स्टिकर वाचणे पुष्कळ सोपे होते. 'झेड आहे की दोन?' झेड नसतोच, म्हणून दोन. 'यू की व्ही?' व्ही. शून्यासारखे काही दिसले तर ते डी किंवा क्यू असणार. खरी पंचाईत बी आणि ८, जी आणि ६ या जोड्यांची, कारण यांतले चारही चालतात. तिथे दोन्ही पर्याय टाकून पाहण्यावाचून इलाज नाही. विंडोज ७च्या काळातले असे स्टिकर मांडीवरच्या घासण्याने आणि मशीनच्या उष्णतेने पुसट होत जातात. घरात तसा लॅपटॉप असेल तर उजेडात नेऊन, तिरक्या कोनातून, त्याचा स्पष्ट फोटो आजच काढून ठेवा.

स्टिकर वाचण्यापलीकडे गेला असेल तर विंडोजच्या रजिस्ट्रीकडे वळायचे. विंडोज आपल्या सगळ्या नोंदी रजिस्ट्रीत ठेवते, आणि तिथे 'डिजिटल प्रॉडक्ट आयडी' नावाची एक नोंद असते. उघडून पाहिली तर नुसत्या आकड्यांचा ढीग दिसतो. पण त्यातल्या १५ बाइटमध्ये की बसवलेली असते, आणि ती कुलूपबंद नसते, केवळ वेगळ्या रूपात मांडलेली असते. आपण दहा चिन्हांनी संख्या लिहितो, तशी ही की म्हणजे २४ चिन्हांनी लिहिलेली २५ स्थानांची एक प्रचंड संख्या. त्या संख्येला २४ने भागायचे. बाकी उरेल त्या क्रमांकाचे चिन्ह हे कीचे शेवटचे अक्षर. भागाकाराला पुन्हा २४ने भागायचे, की शेवटून दुसरे अक्षर मिळते. असे २५ वेळा केले की पूर्ण की हातात येते. की शोधून देणारे छोटे प्रोग्राम करतात ते मुख्यतः एवढेच. नीर सोफर यांचा 'प्रोड्यूकी' हा त्यांतला जुना आणि फुकट मिळणारा प्रोग्राम. अँटीव्हायरस त्याच्यावर हरकत घेतात, कारण तोच प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावरची की पळवायलाही वापरता येतो. म्हणून तो मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावा. 'की फाइंडर' असे शोधून समोर येईल ते उतरवू नये.

या प्रोग्रामने दाखवलेली की खरोखर तुमची आहे का, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. विंडोज ७च्या काळातल्या नामांकित कंपनीच्या लॅपटॉपवर रजिस्ट्रीत सापडते ती बहुधा त्या कंपनीने हजारो मशीनवर टाकलेली सामायिक की. तुमची स्वतःची की स्टिकरवरची. ऑक्टोबर २०१२मध्ये विंडोज ८ आले आणि स्टिकरवरून की गेली. ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, फर्मवेअरमध्ये लिहिली जाऊ लागली. अशा मशीनवर तीच आवृत्ती पुन्हा टाकताना की विचारलीही जात नाही. इन्स्टॉलर ती स्वतःच वाचून घेतो. हार्ड डिस्क बदलली तरी ती टिकते, मदरबोर्ड बदलला तर जाते.

पुढे जुलै २०१५मध्ये विंडोज १० आले आणि डिजिटल लायसन्सची पद्धत सुरू झाली. यात तुमच्या मशीनच्या सुट्या भागांवरून एक ओळख तयार होते आणि 'या मशीनला हक्क आहे' अशी नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते. रजिस्ट्रीत मग त्या आवृत्तीची सर्वांना सारखीच असलेली की दिसते. ती जपून काहीच साधत नाही. जपायचे ते नोंदीशी असलेले नाते. विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि तिथे अ‍ॅक्टिव्हेशन उघडा. 'डिजिटल लायसन्स, मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले' अशा अर्थाचे वाक्य दिसले तर काम झाले आहे. नुसते 'डिजिटल लायसन्स' दिसले तर खाते जोडून घ्या. मदरबोर्ड बदलल्यावर तिथल्याच ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर बदलले आहे' असे सांगून लायसन्स परत मिळवण्याची सोय त्या जोडणीवर अवलंबून असते. मूळ लायसन्स मशीनसोबत आलेले असेल तर तिथेही नकार मिळू शकतो.

लायसन्स कोणत्या प्रकारचे आहे हे कमांड प्रॉम्प्टवर कळते. रोमन अक्षरांत एसएलएमजीआर, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि डीएलव्ही टाइप करा. उघडणाऱ्या खिडकीत 'रिटेल' दिसले तर ते लायसन्स सहसा नव्या संगणकावर नेता येते. 'ओईएम' दिसले तर ते त्या मशीनसोबत जन्मले आणि तिथेच संपणार. 'व्हॉल्यूम' दिसले आणि संगणक ऑफिसचा नसून घरचा असेल, तर कुणीतरी संस्थेची की तुमच्या माथी मारली आहे. इंटरनेटवर चार-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या किल्ल्यांमध्ये अशा पुष्कळ असतात, आणि त्या कधीही बंद पडू शकतात. आणखी एक : विंडोज ७ किंवा ८ची जुनी की वापरून विंडोज १० वा ११ चालू करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये बंद केली. आधीच मिळालेले डिजिटल लायसन्स मात्र शाबूत आहे.

संगणक सुरूच होत नसेल तरी आशा सोडू नये. डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि दुसऱ्या संगणकाला जोडा. विंडोज फोल्डरमध्ये सिस्टिम३२, त्यात कॉन्फिग, आणि त्यात 'सॉफ्टवेअर' नावाची, शेवटी कोणतेही एक्स्टेंशन नसलेली फाइल असते. रजिस्ट्रीचा तो भाग तिच्यातच असतो. प्रोड्यूकीला त्या डिस्कवरचा विंडोज फोल्डर दाखवला की तो तिथूनही की वाचतो. नवी आवृत्ती जुनीवरच चढवली असेल तर 'विंडोज.ओल्ड' फोल्डरमध्येही ही फाइल सापडते, पण तो फोल्डर साधारण १० दिवसांत आपोआप पुसला जातो.

इथे एक अडथळा येतो आणि तो लायसन्सपेक्षा कितीतरी गंभीर आहे. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केले की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. ती दुसऱ्या संगणकाला जोडली, किंवा मदरबोर्ड दुरुस्त करून आणला, की ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर प्रॉडक्ट कीच काय, मुलांचे फोटोही गेले, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टही ते उघडून देऊ शकत नाही. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हाइसच्या यादीतून ही की शोधा आणि कागदावर उतरवा. या लेखातले एकच काम आज करणार असाल तर हे करा.

ऑफिसचे थोडक्यात. ऑफिस २०१०पर्यंतची पूर्ण की रजिस्ट्रीतून मिळते. ऑफिस २०१३पासून संगणकावर तिची फक्त शेवटची पाच अक्षरे ठेवली जातात. पूर्ण की कुठलाच प्रोग्राम काढून देणार नाही. दुकानातून घेतलेली अशी की एकदा वापरली की ती खात्यात जमा होते. म्हणून ते कोणत्या ईमेलवर घेतले हे लिहून ठेवणे हाच तिचा बॅकअप. लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदाराने 'सेटअप करून देतो' म्हणून स्वतःचाच ईमेल टाकलेला नाही ना, हे पहिल्याच दिवशी तपासा.

पुण्याच्या क्विक हीलची की २० अक्षरांची असते आणि नोंदणी करताना दिलेल्या ईमेल व मोबाइल क्रमांकाशी जोडली जाते. प्रोग्राम काढून टाकताना तो की पडद्यावर दाखवतो आणि फाइलमध्ये साठवू देतो. म्हणून थेट फॉरमॅट करण्याआधी तो रीतसर अनइन्स्टॉल करावा. टॅलीत सिरीयल नंबर आणि नोंदणीचा ईमेल महत्त्वाचा, आणि जुन्या संगणकावरून लायसन्स 'सरेंडर' करणे त्याहून महत्त्वाचे. ते न करता फॉरमॅट केले तर टॅलीच्या लेखी लायसन्स जुन्या मशीनवरच अडकून राहते.

हे सगळे कुठे लिहायचे? त्याच संगणकावरच्या एक्सेल फाइलमध्ये तर नक्कीच नको. वहीचे एक पान पुरते : सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, की, कोणत्या ईमेलवर, कुठून कधी घेतले, बिल क्रमांक. दुसरी प्रत कीपास किंवा बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये. बिल थर्मल कागदावरचे असेल तर त्याची झेरॉक्स काढा, कारण थर्मल कागदावरची छपाई वर्षा-दोन वर्षांत उडू शकते. आणि कंपनीच्या मदतकेंद्राशी बोलताना की हरवलेली असली तरी बिलाने निभावू शकते.

डीटीपीचे काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर यूएसबीला लावायच्या 'लॉक'वर चालत आली आहेत. त्यांची की लिहून काढता येत नाही, लॉक हेच लायसन्स. ते संगणकाच्या मागच्या बाजूला, कुणाचा पाय किंवा झाडू लागणार नाही अशा पोर्टमध्ये लावा, त्याच्यावरचा क्रमांक त्याच वहीत उतरवा, आणि तुटलेच तर तुकडे फेकू नका. बदलून मागताना ते दाखवावे लागू शकतात.