हस्त नक्षत्रातला खताचा दिवस

सकाळी 5.30

रात्री पाऊस येऊन गेला आहे, तेव्हा आज खताचा दिवस आहे की नाही हे आधी मातीत बोट घालून ठरवायचं. रोपवाटिकेच्या कडेला जुन्या जास्वंदींची ओळ आहे. तिथली मूठभर माती उचलून दाबली. लाडू वळला, पण बोटांमधून पाणी सुटलं नाही. टिचकी मारली तर लाडू फुटला. चालेल. फुटायच्या ऐवजी नुसता चेपला असता तर आज गाडीला हातच लावला नसता. चिखलात घातलेलं खत झुडपापेक्षा नालीला जास्त मिळतं.

हस्त लागला की बागेची कामं करणाऱ्याला आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्यात जेमतेम तीन आठवडे मिळतात. इकडे वर्षाला 1200 ते 1400 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात पडून मोकळा होतो. त्या पाण्याबरोबर जमिनीतलं नत्र खाली वाहून जातं. दिवाळीनंतर थंडी धरते आणि झुडपं वाढायची थांबतात. मधल्या या दिवसांत माती ओली असते, अजून उबदार असते आणि ऊनही नीट मिळतं. चौफेर भारी धान पोटरीत आलेलं, म्हणून सगळ्यांचं लक्ष बांधीकडे. दारातल्या जास्वंदीला, तगरीला, कुंतीला, अनंताला मात्र नेमकं आत्ताच जेवायचं असतं.

6.15

शेडमध्ये मिश्रण. पाच घमेली जुनं, काळं, वास न येणारं शेणखत. त्यात दोन किलो निंबोळीची ढेप, एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो पोटॅश. फावड्याने दोनदा उलथंपालथं केलं. यात वीसेक मोठी झुडपं भागतात, प्रत्येकी तीन किलोच्या हिशोबाने. युरिया नाही. या महिन्यात माझ्या मिश्रणात युरिया नसतो, आणि त्यावरून सकाळी एकदा तरी वाद होतोच.

मोहाची ढेप वेगळ्या पोत्यात, तीही लांब. नत्र तिच्यातही आहे, पण ताजी असताना ती गांडुळांची वैरीण. तळ्यातली नको असलेली मासळी मारायलाही हीच ढेप वापरतात, यावरून काय ते समजा. ती मी उन्हाळ्याच्या तोंडाशी रिकाम्या वाफ्यांत मिसळून पाणी मारून ठेवतो आणि दोन महिने तिकडे फिरकत नाही. गांडूळखताच्या टाक्याजवळ तिचं पोतं कोणी ठेवलं तर मी कामाला आलेल्या पोरावर खरंच ओरडतो.

7.30

पहिलं घर सौंदड रोडच्या आतल्या गल्लीत. अंगणात जास्वंदीची तीन झुडपं, माझ्या डोक्याच्या वर गेलेली, पानं काळीभोर, पंजाएवढी. फूल एक नाही.

"भाऊ, पाहा नं जी," वहिनी म्हणाल्या, "पानं कशी मस्त होऊन राहिली, पन कळीच नाही. नवरात्रात देवीले काय वाहू?"

"युरिया टाकला का?"

"थोडासाच टाकला जी. धानाचा उरला होता."

"थोडासा म्हणजे?"

त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली.

हे दर दुसऱ्या घरी आहे. युरियाची 45 किलोची गोणी सरकारी दरात तीनशे रुपयांच्या आत येते, धानाला देऊन पाचसहा किलो उरतेच, आणि उरलेलं टाकायचं कुठं, तर दारात. आता हिशोब करा. युरियात 46 टक्के नत्र. एका मुठीत साधारण पन्नास ग्रॅम युरिया धरला तर 23 ग्रॅम नत्र झालं, आणि ते आठवडा-दोन आठवड्यांत एकदम अंगावर येतं. तीन किलो शेणखतात असतं पंधराएक ग्रॅम, तेही दोनतीन महिन्यांत हळूहळू सुटतं. ओंजळभर युरिया पडलेलं झुडूप नुसतं पानं काढत सुटतं. कोवळा, रसरशीत शेंडा आला की मावा येतो, मागोमाग पिठ्या ढेकूण, आणि मग औषधाचा खर्च. "निमकोटेड आहे नं, मग काय होते?" असंही लोक विचारतात. 2015 पासून देशात तयार होणारा सगळा युरिया निमकोटेडच आहे. त्या लेपाने नत्र थोडं सावकाश सुटतं, ओंजळीची चिमूट होत नाही.

पण फूल न येण्याचं कारण दर वेळी खतच असतं असं नाही, म्हणून खुरपं घेऊन बसलो. बुंध्याशी नाही. खत घालणारा माणूस बुंध्याला चिकटून बसलेला दिसला की समजावं, त्याने मुळं कधी पाहिलेली नाहीत. पानांच्या घेराची कड जिथे संपते तिच्या खाली दोन-अडीच इंच माती अलगद बाजूला केली. दोऱ्यासारखी बारीक मुळं दिसली, टोकं पांढरी, थोडी फुगीर, बोटाला टवटवीत लागणारी. म्हणजे मूळ चालू आहे, भूकही आहे. तिसऱ्या झुडपाखाली मात्र टोकं तपकिरी निघाली. चिमटीत धरताच वरची साल मोजा निघावा तशी सुटली आणि आत नुसता धागा उरला. मातीला गटारासारखा वास. छपराची पन्हळ नेमकी तिथे उतरली होती.

पहिल्या दोघांना घेराच्या कडेने गोल चर काढून मिश्रण घातलं, माती ओढली, वरून तणसाचा पातळ थर दिला. तणस वरच पसरायचं, मातीत गाडायचं नाही. गाडलं की ते कुजताना जमिनीतलंच नत्र खातं. तिसऱ्याला खत काहीच नाही. पन्हळीचं पाणी पलीकडे वळवून दिलं आणि चार फांद्या कमी केल्या. वहिनींना ते पटलेलं दिसलं नाही. जे झुडूप आजारी त्यालाच उपाशी ठेवता, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण मूळ सडलेल्या झुडपाला खत देणं म्हणजे जुलाब लागलेल्या माणसाला श्रीखंड वाढणं. नवी पांढरी टोकं दिसू देत, मग पाहू. नवरात्रात देवीला फूल मात्र यंदा बाजारातूनच आणावं लागेल, हे मी त्यांना तिथेच सांगून टाकलं.

9.15

महामार्गालगतचं एक लॉज. भिंतीला लागून एक्झोराचं कुंपण, पन्नासेक फूट. मॅनेजर फाटकातच उभे: "सगळं पिवळं पडून राहिलं, डोस वाढवा."

पिवळं कुठलं पान आहे, हा खरा प्रश्न. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी. जुन्या पानांच्या कडा करपल्या असतील तर बहुधा पोटॅशची ओरड. आणि शेंड्याची नवी पानं पिवळी, त्यांत शिरा मात्र हिरव्यागार, जाळीसारख्या उठून दिसणाऱ्या, असं असेल तर लोह मिळत नाही. इथे जाळी होती. लोह जमिनीत नाही असं नव्हे, आमच्या तांबूस मुरमाड जमिनीत लोह भरपूर. पण भिंत बांधताना पडलेला सिमेंटचा राडा तसाच दाबून त्यावर कुंपण लावलेलं, आणि बोअरचं पाणी असं की फरशीवर पांढरा थर धरतो. चुन्याने माती अल्कधर्मी झाली की लोह असूनही झुडपाला उचलता येत नाही. त्यात नत्र-स्फुरदाचा डोस वाढवला तर पिवळेपणाही वाढेल.

इथे खत घातलं ते फक्त शेणखत, पोटॅशची चिमूट आणि वर सुकलेला पाला. राखेला मनाई. राइस मिलची काळी राख इकडे फुकट मिळते आणि लोक ती ट्रॅक्टरने आणून पसरतात. तिच्यात मुख्यत्वे सिलिका असते. जड माती भुसभुशीत करायला ती ठीक, पण पोटॅश म्हणून तिच्यावर विसंबू नये. आणि चुलीची असो की मिलची, राख अल्कधर्मी. एक्झोरा आणि अनंत यांना ती वर्ज्यच. उपाय संध्याकाळी करायचा होता, म्हणून परत येतो सांगून निघालो.

10.45

चौकाजवळचा धाबा. गोंदियाकडून येणारा आणि नवेगावबांधकडे जाणारा रस्ता इथेच महामार्ग 53 ला भेटतो, त्यामुळे गाड्या थांबतात आणि मालकाला दर्शनी बोगनवेल हवीच. बोगनवेलीला आज काही नाही, कन्हेरीलाही नाही. दोघींना उपासमार मानवते. बोगनवेलीला खायला घातलं की काटे आणि पानं, रंग गायब. पाऊस गेल्यावर माती थोडी सुकू द्यायची, मग ती स्वतःच रंग दाखवते. मोरीचं खरकटं, तेलकट, खारट पाणी तिच्यात सोडू नका, एवढंच सांगून आलो.

कन्हेरीची छाटणी केली आणि सगळ्या काड्या मोजून पोत्यात भरल्या. गुरं-शेळ्या उभ्या कन्हेरीला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती रस्त्याच्या दुभाजकांवर टिकते. पण वाळलेली काडी चाऱ्यात मिसळली तर जनावर दगावतं. तिचा सगळाच भाग विषारी.

12 ते 3

ऊन कडक. या वेळेत खत नाही, फवारणी नाही. जेवण, आणि रोपवाटिकेत येणारी गिऱ्हाइकं. अनंताचं रोप घेऊन जाणाऱ्या एका मास्तरांनी विचारलं की उन्हाळ्यात सगळ्यात जोरदार खत कोणतं. मी म्हटलं, पाणी. एप्रिलच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत इथे पारा 45 च्या घरात जातो. झुडूप पानांतलं पाणी वाचवण्यात गुंतलेलं असतं, त्यात रासायनिक खत दिलं तर मुळाशी क्षार साचतात आणि पानांच्या कडा भाजतात. त्या दिवसांत बुंध्याभोवती आच्छादन आणि सकाळचं पाणी, बस.

उन्हाळ्यातलं खरं काम गाळाचं. आमच्या भागात कोहळी समाजाने बांधलेले तलाव गावोगाव आहेत, माजी मालगुजारी तलाव म्हणून लोक ओळखतात त्यांना. मे महिन्यात त्यांचा तळ उघडा पडतो. रीतसर काढलेला तो काळा गाळ मुरमाड वाफ्यात घमेलं-दोन घमेली मिसळला की माती ओल धरते आणि खतही धरून ठेवते. नुसत्या मुरमात ओतलेलं खत पहिल्याच मिरगात खाली जातं. जंगलातला पालापाचोळा आणून द्या म्हणणारेही भेटतात. तो मी आणत नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प शेजारी आहे आणि तिथला पाला तिथल्या मातीचा. आपल्या वाडीतला आंबा, फणस, पेरू पुरेसा पाला देतो, तो जाळायचा तेवढा थांबवा.

4.30

पुन्हा लॉज. पंधरा लिटरच्या पंपात साठ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), चार लिंबांचा रस, थोडा साबण. पाणी बोअरचं नाही, पन्हळीखालच्या टाकीत साठलेलं पावसाचं. हिराकस उघड्यावर जुनी झाली की तपकिरी पडते, तशी असेल तर फेकून द्यावी. फिकट हिरवी हवी. फवारण्याआधी भिंतीला आणि फरशीला ओली पोती लावली, कारण या पाण्याचा थेंब चुन्यावर पडला की गंजाचा डाग कायमचा. फवारा पानांच्या खालून वर. ऊन उतरल्याशिवाय हे करू नये, नाहीतर पान चट्ट्याचट्ट्यांनी करपतं. पंधरा दिवसांनी परत एकदा, मग नव्या पानांचा रंग पाहायचा. मुळावरचा उपाय म्हणजे राडा उकरून काढणे. तो खर्च मालकाला नको आहे, म्हणून दर वर्षी ही फवारणी.

6.30

अंधार पडायच्या आत हत्यारं धुतली. पंप तीनदा खळबळला.

7.15

वहीत उद्याची दोन घरं लिहिली. वहीच्या शेवटच्या पानावर वर्षाचं वेळापत्रक आहे, ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मिरगाच्या आधी भरपूर शेणखत आणि ढेप. श्रावणात पावसाने उघडीप दिली तर 19:19:19 लिटरला दोन ग्रॅम, नाही दिली तर काहीच नाही. हस्तात आजचं मिश्रण. थंडीत फक्त पाणी, तेही कमी. फेब्रुवारीत छाटणी करून शेणखत आणि सोबत युरियाची एक चिमूट. हो, चिमूट, त्या वेळी चालतो. वर्षातून एकदा मातीचा नमुना तपासायला द्यावा. धानाचा देताच, तर अंगणातलीही पिशवी सोबत द्या.

तुमच्या दारात जास्वंद, तगर, कुंती, अनंत असेल तर खुरपं घेऊन आधी मुळाची टोकं पाहा, आणि पांढरी दिसली तर ऑक्टोबरच्या पंधरा तारखेच्या आत शेणखत घालून मोकळे व्हा. धानाचा उरलेला युरिया गोणीचं तोंड बांधून कोरड्या जागी ठेवा, उन्हाळी धानाला कामी येईल.