आतड्यातील जिवाणू ओळखायचे कसे?

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात. त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात असतात. आपल्याला न पचणारा भाजी-भाकरीतील चोथा ते आंबवतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात आणि रोगजंतूंना सहजासहजी ठाण मांडू देत नाहीत. परंतु हे रहिवासी नेमके कोण, हे सांगणे फार काळ अवघड होते.

जुनी रीत अशी की, विष्ठेचा नमुना पोषक द्रव्यावर पसरायचा आणि जे उगवेल त्याची परीक्षा करायची. थिओडोर एशेरिख यांनी १८८५ साली ज्याचे वर्णन केले तो 'ई. कोलाय' असाच सापडला. निरोगी प्रौढ माणसाच्या आतड्यात त्याचे प्रमाण साधारणपणे शेकडा एकाहूनही कमी असते, पण तो हवेत सहज वाढतो म्हणून नजरेत भरला. बाकीच्या बहुतेकांना प्राणवायू सोसत नाही. ते उगवतच नसत.

प्रोबची पद्धत जिवाणू वाढवण्याच्या भानगडीत पडत नाही. डीएनए हा चार अक्षरांचा दुपदरी गोफ. ए समोर टी आणि जी समोर सी, ही जोडी ठरलेली. तापवले की पदर सुटतात, निवले की आपापला जोडीदार शोधून पुन्हा जुळतात. प्रोब म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेला असा छोटा एकेरी पदर. त्याला चमकणारा रंग जोडलेला असतो. जुळणारी अक्षरे मिळाली तरच तो चिकटतो, नाहीतर धुऊन जातो.

तो चिकटवायचा कोठे? प्रत्येक जिवाणूत प्रथिने घडवणारे रायबोसोम असतात. त्यांतील '१६-एस आरएनए' हा सुमारे १५०० अक्षरांचा धागा (त्यात टीच्या जागी यू असतो) ओळखीसाठी फार सोयीचा आहे. त्याचा काही भाग सर्वांत सारखा, तर काही गटागटांत निराळा. कार्ल वोझ यांनी १९७७ मध्ये याच आरएनएच्या आधारे आर्किया हा वेगळाच गट दाखवून दिला. 'युब ३३८' हा केवळ १८ अक्षरांचा प्रोब बहुतेक सर्व जिवाणूंना चिकटतो. दुसरे प्रोब एकाच गटाला. वाढत्या पेशीत रायबोसोम हजारोंनी असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली एकटी पेशीही चमकते.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याची अक्षरे ठाऊक आहेत त्याचाच प्रोब करता येतो. परदेशी लोकांच्या नमुन्यांवरून केलेली यादी आपल्याकडे पुरेशी पडेलच असे नाही. कळण्याची भाकरी खाणाऱ्या खानदेशी माणसाचे आतडे पाव-मांस खाणाऱ्यासारखे कसे असेल?

पुण्यात हे काम झाले आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे आणि आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. दिलीप रानडे व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये दोन भारतीय कुटुंबांतील तीन पिढ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका घरात राहूनही वयानुसार जिवाणूंचे प्रमाण बदललेले दिसले. २०१४ मध्ये निरोगी भारतीयांच्या विष्ठेतून मिळालेल्या नव्या जातीला 'मेगास्फेरा इंडिका' हे नाव मिळाले. २०१६ च्या अभ्यासात भारतीयांमध्ये प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे दोन गट विशेष भरून आढळले. प्रिव्होटेला हा चोथायुक्त, वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांत जास्त दिसणारा गट आहे. या जिवाणूंची अक्षरे आता नोंदलेली असल्याने त्यांचे प्रोब जळगाव-धुळ्याच्या नमुन्यांवरही लावून पाहता येतील.