निरंक की अप्राप्त? : माहितीफलकांसाठी मांडणीसंहितेची आवश्यकता

प्रशासनाचा गाडा माहितीवर चालतो. अंगणवाडी, शाळा, आरोग्य उपकेंद्र व ग्रामपंचायत यांच्याकडील आकडे पूर्वी मासिक अहवालांच्या रकान्यांतून तालुक्याला व तेथून जिल्ह्याला जात. आता ते संगणकाच्या पडद्यावर माहितीफलकाच्या, म्हणजेच डॅशबोर्डच्या रूपाने दिसतात. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमात ४९ निर्देशांकांवर जिल्ह्यांची प्रगती अशाच फलकावर मांडण्यात आली. महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांचा त्यात समावेश होता.

तथापि, प्रत्येक शाखेने आपापल्या परीने फलक तयार केल्यास एकाच खुणेचे अनेक अर्थ होतात. हे टाळण्यासाठी कार्यालयाने सर्व अंतर्गत फलकांना लागू होणारी मांडणीसंहिता ठरवून घेणे हिताचे होय.

रिकामी चौकट

या संहितेतील पहिला नियम 'निरंक' आणि 'अप्राप्त' यांतील भेदाचा असावा. समजा, एका अंगणवाडीत मुलांची तपासणी झाली व तीव्र कुपोषित बालक आढळले नाही. तेथील माहिती निरंक होय. दुसऱ्या अंगणवाडीचा अहवालच आलेला नाही. फलकाने दोन्ही ठिकाणी शून्य दाखविल्यास दुसऱ्या गावातील आजारी बालक कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही. म्हणून तपासणीअंती आलेले शून्य अंकाने दाखवावे, तर न आलेली माहिती करड्या चौकटीत 'अप्राप्त' या शब्दाने दर्शवावी.

रंगांचा अर्थ

६ ते ५९ महिने वयाच्या बालकांचा दंडघेर मोजण्याच्या पट्टीवर ११.५ सेंटीमीटरखाली लाल, ११.५ ते १२.५ पर्यंत पिवळा व त्यापुढे हिरवा रंग असतो. येथे रंगामागे निश्चित माप आहे. फलकावरील रंगांनाही असेच लेखी माप हवे. लाल रंग केवळ तातडीच्या कार्यवाहीसाठी राखून ठेवावा. शोभेसाठी तो वापरू नये. लाल व हिरवा यांतील फरक काही व्यक्तींना, विशेषतः पुरुषांना, ओळखता येत नाही. शिवाय काळ्यापांढऱ्या छापील प्रतीत रंग नाहीसे होतात. यास्तव रंगासोबत शब्दही द्यावा.

स्तंभ आणि टक्केवारी

स्तंभालेखाचा आरंभ शून्यापासून व्हावा. ९० व ९४ टक्के उपस्थितीचे स्तंभ ८८ पासून काढल्यास त्यांची उंची २ व ६ अशी होते. परिणामी चार टक्क्यांचा फरक तिपटीचा भासतो आणि एखाद्या शाळेवर अकारण ठपका येतो. लहान गावांच्या बाबतीत टक्केवारीबरोबर मूळ संख्याही द्यावी. ४ पैकी १ आणि ४०० पैकी १०० या दोहोंची टक्केवारी २५ च असली, तरी त्यांवरील उपाय सारखे नसतात.

अंक, अक्षर व दिनांक

मोठ्या संख्या लक्ष-कोटी पद्धतीने, उदाहरणार्थ १२,३४,५६७ अशा लिहाव्यात. युनिकोड अक्षरलिपी वापरावी आणि मात्रा व अनुस्वार कापले जाणार नाहीत इतके अंतर ओळींत ठेवावे. आर्थिक वर्ष एप्रिलपासून, तर शालेय वर्ष जूनपासून सुरू होते. म्हणून 'या वर्षी' असे मोघम न लिहिता कालावधी स्पष्ट नमूद करावा. माहिती कोणत्या दिनांकाची व कोणत्या कार्यालयाची, हेही प्रत्येक आलेखाखाली असावे.

अंमलबजावणी

शासकीय संकेतस्थळांसाठी भारत शासनाचे मार्गदर्शक निर्देश २००९ पासून असून त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. अंतर्गत फलकांची संहिता त्यांच्याशी सुसंगत, परंतु दोन-तीन पृष्ठांचीच असावी. ती अंतिम करण्यापूर्वी मुख्याध्यापक, अंगणवाडी पर्यवेक्षिका व सरपंच यांच्यासमोर नमुना फलक ठेवून त्यांना त्यातून काय समजले, हे विचारावे. फलक वाचून प्रथम कोणत्या गावी जावयाचे हे त्यांना अचूक सांगता आले, तर संहिता उपयुक्त ठरली असे समजावे.