चापाचं वजन किती असावं?



आपल्या गटांमधल्या काही घरांतून आता मुली नेमबाजीच्या सरावाला जातात. सुरुवातीला त्या क्लबचंच पिस्तूल वापरतात. पुढे जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धेत उतरायला लागल्या की स्वतःच्या मापाचं पिस्तूल घ्यायचा विषय निघतो. परदेशी बनावटीच्या चांगल्या एअर पिस्तुलाची किंमत लाखाच्या वर जाते. त्यासाठी कोणी गटाकडून कर्ज मागतं, कोणी दागिना मोडतं. आणि अशा वेळी घरातलं कोणीतरी म्हणतंच, "पोरीचा हात नाजूक आहे, चाप अगदी हलका करून द्या." आज आपण याच वाक्याबद्दल बोलणार आहोत. कारण माया म्हणून केलेला हा हलका चाप मुलीला स्पर्धेतून बाद करू शकतो.

चाप म्हणजे ज्याला मैदानावर ट्रिगर म्हणतात तो. चापाचं वजन म्हणजे पिस्तुलाचं वजन नव्हे. गोळी सुटण्यासाठी बोटाने चापावर जेवढा भार द्यावा लागतो, ते चापाचं वजन. ते ग्रॅममध्ये मोजतात.

10 मीटर एअर पिस्तुलाच्या आंतरराष्ट्रीय नियमात हा भार कमीत कमी 500 ग्रॅम हवा, म्हणजे आपल्या तराजूतलं अर्ध्या किलोचं माप. 25 मीटर पिस्तूल प्रकारात कमीत कमी 1000 ग्रॅम, म्हणजे पुरता एक किलो. एअर पिस्तुलाचा अर्धा किलोचा नियम मुलांना आणि मुलींना एकच आहे. मुलगी म्हणून त्यात सूट नाही, आणि सूट लागतही नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2013 च्या विश्वचषक स्पर्धेत आणि 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तूल प्रकारातच सुवर्णपदक मिळवलं. उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर यांनी तर साठी ओलांडल्यावर पिस्तूल हातात धरलं. शेतात आणि गोठ्यात राबलेल्या हातांना अर्धा किलो जड नसतो.

आता तपासणी कशी होते ते ऐका. पिस्तुलाची नळी सरळ वर धरतात. चापाच्या मधोमध 500 ग्रॅमचं वजन अडकवतात आणि ते टेबलावरून हळूच उचलतात. वजन टेबलापासून पूर्ण सुटलं आणि तरी चाप सुटला नाही, तर पिस्तूल पास. यासाठी तीन प्रयत्न मिळतात. स्प्रिंगचा काटा चालत नाही, ठोस वजनच लागतं. वजन मधोमध का अडकवायचं? जात्याचा खुंटा कडेला असतो म्हणून जातं सोपं फिरतं, मध्याजवळ असता तर जड गेलं असतं. तसंच चापाच्या खालच्या टोकाला वजन अडकवलं तर तो लवकर सुटतो. म्हणून घरी तपासतानाही वजन मधोमधच हवं.

सामन्याआधी पिस्तूल नापास झालं तर दुरुस्त करून पुन्हा दाखवता येतं. पण नेमबाजी संपल्यावरही काही खेळाडूंची पिस्तुलं तपासतात. तेव्हा चाप हलका निघाला तर मुलगी बाद. 60 गोळ्या कितीही चांगल्या मारलेल्या असोत, तिचे गुण धरले जात नाहीत. म्हणून चाप बरोबर 500 वर ठेवू नये. धुळीने, प्रवासातल्या हादऱ्याने किंवा स्क्रू जरासा सैल झाल्याने पाच-दहा ग्रॅम इकडचे तिकडे होतात. 510 ते 520 ग्रॅमच्या आसपास ठेवला तर निर्धास्त राहता येतं. प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या दिवशी क्लबमधल्या वजनाने तपासून घ्यायचं, ही सवयच लावावी.

नियम बाजूला ठेवला तरी फार हलका चाप नवशिक्या मुलीच्या कामाचा नाही. बोट टेकलं न टेकलं तोच गोळी सुटते, नेम धरून होण्याआधीच. एकदा असं झालं की बोट चापावर ठेवायचीच भीती बसते. उलट चाप फार जड असला तर शेवटच्या क्षणी सगळी मूठ आवळली जाते आणि नळी खाली झुकते. 10 मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं असतं. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण एक वीत-दीड वीत अंतर. त्यात पुढची साइट एक मिलिमीटर हलली तर गोळी लक्ष्यावर सुमारे तीन सेंटिमीटर बाजूला जाते. मुद्दा ताकदीचा नाही, बोट एकटं हलण्याचा आहे.

बऱ्याच स्पर्धेच्या पिस्तुलांत चाप दोन टप्प्यांत ओढला जातो. पहिल्या टप्प्यात तो थोडा मागे येतो आणि एका जागी अडतो. तिथून जरासा भार वाढवला की गोळी सुटते. दोन्ही टप्पे मिळून नियमाचं वजन भरायचं असतं. समजा, पहिल्या टप्प्याला 350 आणि दुसऱ्याला 165 ग्रॅम ठेवले, तर एकूण 515 झाले. म्हणजे नियमही पाळला गेला आणि शेवटी बोटाला उरलं थोडंसंच काम. "हलका चाप" म्हणून जे हवं असतं ते असं मिळतं. मुलीला ती अडणारी जागा स्पष्ट कळत नसेल तर दुसऱ्या टप्प्याचा भार थोडा वाढवून बघावा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. "चाप जड लागतो" अशी मुलीची तक्रार असली, तरी दोष पुष्कळदा चापाचा नसतो, मुठीचा असतो. मूठ हातापेक्षा मोठी असली की बोट चापापर्यंत ताणून न्यावं लागतं. मग चाप सरळ मागे न येता बाजूला ढकलला जातो. म्हणून मापाचं पिस्तूल करून घेताना क्रम असा ठेवा:

पहिलं, मूठ. मुलीच्या हातात बसेल त्या मापाची घ्या, लागेल तिथे घासून किंवा भरून घ्या.

दुसरं, चापाची जागा. बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर सहज टेकला पाहिजे. चाप पुढे-मागे सरकवता येतो.

तिसरं, दोन टप्प्यांची वाटणी.

चौथं आणि शेवटचं, एकूण वजन. आणि एकदा ठरवलं की महिना-दोन महिने त्याला हात लावायचा नाही. रोज स्क्रू फिरवला तर बोटाला सवय कशाची लागणार?

हे बदल प्रशिक्षकांसमोरच करा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री केल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. नळी कायम सुरक्षित दिशेला, आणि नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. घरी पिस्तूल कुलपात ठेवा, छर्रे वेगळ्या जागी. 25 मीटरच्या पॉइंट टू टू पिस्तुलाला शस्त्र परवाना लागतो, हेही खरेदीआधी ध्यानात घ्या.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. मूठ मुलीच्या मापाची मिळेल का? चाप पुढे-मागे सरकतो का? दोन्ही टप्पे वेगवेगळे जुळवता येतात का? आणि 500 ग्रॅमचं वजन आमच्यासमोर उचलून दाखवाल का? चौथ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर कर्जाचा पहिला हप्ता सुरू होण्याआधीच मागे फिरा.

ज्या गटांत मुली खेळतात त्यांनी पुढच्या बैठकीत हा क्रम वहीत उतरवून घ्या. आणि पोरीचा हात नाजूक म्हणणाऱ्यांना तिला हात लांब करून किलोभराचं पिस्तूल धरलेलं एकदा बघायला सांगा.