‘अपेक्षा’ एक, इंग्रजी क्रियापदे अनेक

नोकरीच्या अर्जाच्या शेवटी ‘आपल्या उत्तराची अपेक्षा आहे’ असे लिहिणे मराठीत सभ्यपणाचे मानले जाते. मात्र त्याचेच शब्दशः भाषांतर करून ‘आय एक्स्पेक्ट युवर रिप्लाय’ असे लिहिल्यास वाचणाऱ्याला ती विनंती न वाटता ताकीद वाटू शकते. मुलाखतीपूर्वीच प्रतिकूल मत होण्यास एवढे निमित्त पुरेसे ठरते.

याचे कारण दोन्ही भाषांच्या स्वभावात आहे. मराठीतील ‘अपेक्षा’ या शब्दात इच्छा, अंदाज आणि हक्क या तिन्ही छटा सामावतात. इंग्रजीत मात्र प्रत्येक छटेसाठी स्वतंत्र क्रियापद वापरण्याकडे कल असतो.

‘एक्स्पेक्ट’मध्ये अंदाज किंवा हक्क असतो, आनंद असेलच असे नाही. ‘वी एक्स्पेक्ट रेन’ म्हणणाऱ्याला पाऊस हवाच असतो असे नव्हे. वरिष्ठाने हाताखालच्या व्यक्तीबाबत हे क्रियापद वापरले, की त्याला आदेशाचा सूर येतो.

आनंदाने वाट पाहण्यासाठी ‘लुक फॉरवर्ड टू’ हा वाक्प्रचार आहे. येथील ‘टू’ शब्दयोगी अव्ययासारखे काम करते. त्यामुळे त्यापुढे नाम किंवा ‘आयएनजी’ प्रत्यय लागलेले रूप येते. ‘लुक फॉरवर्ड टू हिअर’ चूक, ‘लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ बरोबर. औपचारिक पत्रात ‘आय लुक फॉरवर्ड’, तर मित्राला लिहिताना ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’ अधिक शोभते.

आधीच ओळखून तयारी ठेवण्याची छटा ‘अँटिसिपेट’मध्ये आढळते. दिवाळीतील गर्दी ‘अँटिसिपेट’ करणारी रेल्वे जादा गाड्या सोडते. संकटाची चाहूल आधीच लागली असेल, तर ‘आय सॉ इट कमिंग’ असे म्हणतात. याउलट, कल्पनेपेक्षा अधिक त्रास पदरी पडला, की ‘मोर दॅन ही बार्गेन्ड फॉर’ असा प्रयोग होतो. येथे भाजीबाजारातील घासाघीस अभिप्रेत नसते.

पत्र लिहिताना एक प्रश्न स्वतःला विचारल्यास निवड सोपी होते : ही गोष्ट हवीशी आहे, केवळ संभवते आहे, की तिच्यासाठी तयारी केली आहे? अर्जदाराला उत्तर हवे असते. म्हणूनच अर्जाच्या शेवटी ‘एक्स्पेक्ट’ला जागा नसावी.